शंभर टक्के निकाल म्हणजे नेमके कशाचे शंभर?

(या भागाचं लिखित रूप. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त ‘अं… म्हणजे…’ काढून टाकलेत.)

कानात इअरफोन असेल, समोर हिंजवडीचं ट्रॅफिक असेल, तर आज तुमच्याकडे वेळ आहे आणि माझ्याकडे विषय आहे. विषय आहे गावाकडची हायस्कूलं. त्यातली चांगली कोणती, हे आपण कशावरून ठरवतो, आणि खरं तर कशावरून ठरवायला पाहिजे.

दहावीचा निकाल लागला की पुण्याबाहेर कुठल्याही रस्त्याला लागा, खेड-शिवापूर सोडलं की प्रत्येक फाट्यावर फ्लेक्स दिसतो. ‘यशाची परंपरा कायम. निकाल १०० टक्के.’ खाली संस्थाचालकांचे फोटो मोठे, मुलांचे फोटो छोटे. हा फ्लेक्स बघून बरेच पालक सातवी झालेल्या पोराला कुठं घालायचं ते ठरवतात. त्यांच्याकडे दुसरं काही नसतंच. शहरात आपण शाळेची फी, बोर्ड, ग्राउंड, शेजाऱ्याचं मत असं पन्नास गोष्टींवरून भांडतो. गावात आकडा एकच असतो, आणि तो फ्लेक्सवर असतो.

आधी व्यवस्था कशी आहे ते पटकन सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच शहरी लोकांना वाटतं की गावातली शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. पुणे, सातारा या भागात झेडपीची शाळा साधारण चौथी किंवा सातवीपर्यंत. पुढं आठवी ते दहावी म्हणजे संस्थेची शाळा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, पुणे जिल्हा शिक्षण मंडळ १९४१ चं. अशा मोठ्या संस्था, शिवाय एकेका तालुक्यापुरत्या छोट्या संस्था. इमारत आणि कारभार संस्थेचा, शिक्षकांचा पगार अनुदान असेल तर सरकारचा. मराठवाड्यात चित्र थोडं वेगळं आहे. तिथं निजामाच्या काळात हायस्कूलं सरकारी होती, त्यामुळं आजही झेडपीची हायस्कूलं तिकडं बरीच दिसतात. शिवाय आदिवासी भागात, म्हणजे आपल्याकडे आंबेगाव, जुन्नर, खेडच्या पश्चिम पट्ट्यात आश्रमशाळा आहेत. आणि अख्ख्या जिल्ह्याला एक नवोदय, शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला. सहावीला ८० जागा. तिकडं नंबर लागला तर प्रश्नच मिटला, पण ८० म्हणजे ८०.

एक गंमत लक्षात घ्या. ग्रामीण शाळांच्या ज्या कौतुकाच्या बातम्या आपण शेअर करतो, वाबळेवाडी असो नाहीतर जालिंदरनगर, त्या मुळात झेडपीच्या प्राथमिक शाळा. हायस्कूलबद्दल अशी बातमी क्वचित. आणि मूल शाळेतून गळायचं असेल तर ते गळतं कुठं? हायस्कूलमध्येच. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. नववीला कायद्याचं छत्र संपतं.

आता माझ्याकडे हा विषय कसा आला ते सांगतो. माझ्या मामाची मुलगी सातवीत आहे, झेडपीच्या शाळेत. मामाचा फोन आला, “तू इंजिनिअर आहेस, नेटवर बघून सांग दोन्हीतली कुठली शाळा बरी.” पहिली शाळा गावापासून तीन किलोमीटर, छोटी, फ्लेक्सवर १०० टक्के. दुसरी बाजाराच्या गावाला, बारा किलोमीटर, मोठी, निकाल ९३ टक्के. मामाचं मत झालेलंच होतं. शंभर आणि त्र्याण्णव यात मोठं काय, हे सांगायला बीटेक लागत नाही. त्याला फक्त माझा शिक्का हवा होता.

तर बघू, शंभर म्हणजे काय.

पहिली गोष्ट, आकडेमोड. कंटाळू नका, एका मिनिटात संपेल. समजा दोन शाळा अगदी सारख्याच चांगल्या आहेत. दोन्हीकडे कुठलंही एक मूल दहावी पास व्हायची शक्यता ९५ टक्के. एका शाळेत दहावीला १५ मुलं, दुसरीत १५०. सगळीच्या सगळी पास होऊन निकाल १०० टक्के लागायची शक्यता किती? छोट्या शाळेत ०.९५ चा पंधरावा घात, म्हणजे साधारण ४६ टक्के. जवळजवळ वर्षाआड फ्लेक्स. मोठ्या शाळेत ०.९५ चा दीडशेवा घात, म्हणजे दोन हजार वर्षांतून एखाद्या वेळी. शिकवणं तेच, मुलं तशीच, पण एकीकडे वर्षाआड पेढे आणि दुसरीकडे पेढे नाहीतच. उलटंही होतं बरं का. त्याच पंधरा मुलांच्या शाळेत एखाद्या वर्षी तीन मुलं नापास झाली की निकाल ८० टक्क्यांवर. मग लगेच “सर बदलले म्हणून शाळा घसरली.” सर बिचारे तेच असतात.

हा घोळ फक्त आपल्या गावचा नाही. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात गेट्स फाउंडेशननं छोट्या हायस्कूलांवर भरपूर पैसा लावला. एक कारण असं होतं की चांगल्या निकालांच्या यादीत वरती छोट्या शाळा जास्त दिसत होत्या. हॉवर्ड वेनर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की यादीच्या तळाला बघा, तिथंही छोट्याच शाळा जास्त आहेत. मुलं कमी असली की आकडा वरखाली जोरात हलतो, एवढंच.

आपल्या राज्यात २०२५ ला दहावीचा निकाल ९४.१० टक्के होता. साधारण २३ हजार शाळांपैकी जवळपास ८ हजार शाळांचा निकाल १०० टक्के. म्हणजे दर तीन शाळांमागे एक ‘यशाची परंपरा’. ज्या परीक्षेत जवळजवळ सगळेच पास होतात, तिथं पासच्या टक्क्यावरून शाळांची तुलना करणं म्हणजे सगळ्यांनी ४.८ स्टार दिलेल्या हॉटेलांमधून जेवायचं ठिकाण निवडणं.

दुसरी गोष्ट, मोजपट्टी स्वतःच हलते. हे आकडे ऐका. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ चा ७७.१०. २०२० चा ९५.३०. २०२१ चा ९९.९५. आता एका वर्षात महाराष्ट्रातली पोरं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं तर नाही ना? २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा, समाजशास्त्रं यांचे शाळेनं द्यायचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. निकाल धाडकन खाली आला, ओरड झाली, पुढच्या वर्षी ८०-२० ची पद्धत परत आली. त्यात कोविडमुळं भूगोलाचा पेपरच रद्द झाला. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही. म्हणजे शंभरपैकी वीस गुण शाळेच्या हातात असणं आणि नसणं, यात राज्याच्या निकालाला केवढा झोल बसतो बघा. पास व्हायला ३५ लागतात. शाळेनं वीसपैकी अठरा दिले असतील तर लेखी परीक्षेत ऐंशीपैकी सतरा मिळाले तरी झालं. मी मुलांना कमी लेखत नाहीये. मी म्हणतोय की हा आकडा शाळा काय शिकवते ते सांगत नाही.

‘असर’चा २०२३ चा अहवाल होता, १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींचा, देशभरातल्या २८ जिल्ह्यांतला. त्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येणारी मुलं साधारण ४३ टक्के. तो आकडा देशाचा आहे, महाराष्ट्राचा वेगळा काढायचा नाही. तरी पण एकीकडे ९५ आणि एकीकडे ४३, याकडे बघितल्यावर फ्लेक्स जरा वेगळा दिसायला लागतो.

आता तिसरी गोष्ट. आजचा भाग खरं तर याच्यासाठीच करतोय.

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेताना आपण सगळे एका गोष्टीला फसायचे बाकी राहिलो होतो. ‘१०० टक्के प्लेसमेंट.’ आत गेल्यावर कळायचं की शंभर टक्के म्हणजे ‘एलिजिबल’ मुलांचे. ज्याचा बॅकलॉग आहे तो एलिजिबल नाही, ज्याचे टक्के कमी तो नाही. छेदातून माणसं काढली की टक्का आपोआप वाढतो. अंशाला हातही लावावा लागत नाही.

हायस्कूलमध्येही तेच होतं, फक्त तिथली पोरं चौदा-पंधरा वर्षांची असतात.

कसंबसं वर ढकलत आलेलं पोरगं नववीला येतं. गणितात कच्चं, इंग्रजी वाचता येत नाही. शाळेला दिसतं की हे दहावीला निघणार नाही. मग पालकांना बोलावणं जातं. “तुमच्या मुलाचा दाखला घेऊन जा, १७ नंबरचा फॉर्म भरा, घरून परीक्षा देऊ द्या.” १७ नंबरचा फॉर्म म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसायची सोय. ज्यांची शाळा सुटली, जे कामाला लागले, संसाराला लागले, त्यांना पुन्हा दहावी देता यावी म्हणून केलेली चांगली सोय आहे ती. माझ्या ओळखीच्या एका ताईनं दोन लेकरं झाल्यावर त्यातूनच दहावी केली. पण तोच फॉर्म शाळेतून बाहेर काढायचं दार म्हणूनही वापरतात. पोरगं नापास झालं तरी ते शाळेच्या निकालात धरलं जात नाही. फ्लेक्स शाबूत.

माझ्या एका मावसभावाचं असंच झालं. शाळेचं नाव घेत नाही, तालुकाही नाही. नववीनंतर दाखला हातात दिला. मावशीला वाटलं सर भल्यासाठीच सांगतायत, तिनं सरांचे आभार मानले. फॉर्म भरला, पण घरून अभ्यास कोण घेणार? गणितात राहिला. परत बसला, परत राहिला. आता चाकणला कंत्राटदाराकडून कंपनीत लागतो, दर काही महिन्यांनी ब्रेक देतात. त्या वर्षी त्या शाळेचा निकाल १०० टक्के होता. फ्लेक्सचा फोटो अजून मावशीच्या फोनमध्ये आहे, कारण शेजारणीचा मुलगा त्यात आहे.

शाळेची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर आपण शहरात बसून शिक्षकांना झोडपतोय असं होईल. किती शिक्षक मंजूर होतात हे पटावर ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात, आणि ३० सप्टेंबरचा पट त्यासाठी धरतात. पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन कुठंतरी लांब होतं. म्हणून उन्हाळ्यात हायस्कूलचे शिक्षक झेडपीच्या शाळांमध्ये आणि वाड्यावस्त्यांवर आठवीसाठी मुलं गोळा करत फिरतात. माझ्या मामाकडे दोन्ही शाळांचे सर येऊन चहा पिऊन गेले. म्हणजे आठवीला पट पाहिजे आणि दहावीला निकाल पाहिजे. एकाच मुलाची आठवीत गरज असते आणि दहावीत अडचण होते. निकाल पडला की संस्था विचारते, गाव बोलतं. त्या सरांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पण पोरगं त्यात बळी जातं एवढं मात्र खरं.

मग काय बघायचं? मी मामासाठी जे केलं ते सांगतो, तुम्हीही फोनवर करू शकता. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस कोड असतो. महाराष्ट्राचा २७ पासून सुरू होतो, पुणे जिल्ह्याचा २७२५ पासून. यूडायस प्लसच्या साइटवर शाळा शोधली की तिचं रिपोर्ट कार्ड मिळतं, त्यात इयत्तावार पट असतो, मागच्या वर्षांचाही. आता तीन वर्षांचे पट शेजारी ठेवा, पण तिरके वाचा. एका वर्षी आठवीत किती, पुढच्या वर्षी नववीत किती, त्याच्या पुढच्या वर्षी दहावीत किती. तीच मुलं वर सरकतायत असं धरून. आणि शेवटी दहावीला प्रत्यक्ष किती बसली, ते निकालाच्या दिवशीच्या तालुका पानावर ‘परीक्षेस बसलेले, उत्तीर्ण’ असं शाळावार छापून येतं, किंवा सरळ शाळेत विचारायचं.

समजा आठवीत ४० होते आणि दहावीला २६ बसले, सगळे पास. फ्लेक्सवर १०० टक्के. माझ्या हिशेबानं ६५. दुसरीकडे आठवीत १६० होते, दहावीला १५५ बसले, १४४ पास. फ्लेक्सवर ९३, माझ्या हिशेबानं ९०. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या शाळेचे नाहीत. पण मामाच्या दोन शाळांचं चित्र दिशेनं असंच निघालं.

इथं लगेच निकाल लावून मोकळं होऊ नका. मीही नाही झालो. पट कमी होतो त्याची कारणं अनेक असतात. कुटुंबच धायरीला, नऱ्ह्याला, कात्रजला राहायला आलं तर मूलही येतं. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी कुटुंबं असतात. एखादं पोर आश्रमशाळेत गेलं, मुलीचं लग्न लावून दिलं, होय, अजूनही. आकडा फक्त एवढंच सांगतो की इथं चौदा मुलं होती आणि आता नाहीत. ती कुठं गेली हे शाळेत जाऊन विचारायचं. आणि माझा अनुभव असा की या प्रश्नाचं उत्तर शाळा कशी देते, त्यावरूनच निम्मी तुलना होऊन जाते. मोठ्या शाळेतल्या मुख्याध्यापक मॅडमनी वही काढली आणि नावं घेऊन सांगितलं, हा अमुक गावाला गेला, हिचं स्थळ आलं होतं, आम्ही दोनदा घरी जाऊन आलो, थांबवलं एक वर्ष. छोट्या शाळेत उत्तर मिळालं, “अहो, मुलं कमी-जास्त होतातच.”

आणखी एक आकडा मला उपयोगी वाटतो, आणि त्याचे फ्लेक्स तुलनेनं कमी लागतात. एनएमएमएस. आठवीतल्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा, पुण्यातली राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. ही परीक्षा फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतल्या मुलांसाठी असते. म्हणजे तुलना आपोआप सारख्यांची सारख्यांशी. पण नुसते किती निवडले गेले ते बघू नका, आत्ताच छेदाचं बोललो ना. किती बसवले ते विचारा. एखादी शाळा निवडक चार मुलं बसवते आणि दोघांचा नंबर लागतो. दुसरी आख्खा वर्ग बसवते, जादा तास घेते आणि पाच जणांचा लागतो. मला दुसरी आवडते.

मग शिक्षक. यूडायसवर शिक्षकांची संख्या दिसते, पण गणित कोण शिकवतं ते त्यातून कळत नाही. छोट्या शाळेत शिक्षक मोजकेच मंजूर होतात, मग भूगोलाचे सर गणित घेतात, मराठीच्या मॅडम इंग्रजी घेतात. त्यात काही सर असे असतात की विषय त्यांचा नसून रात्रभर बसून तयारी करतात, त्यांना सलाम. पण विज्ञान आणि गणिताला त्या विषयाचा शिक्षक आहे का, आणि तो किती वर्षं टिकलाय, हे विचारलंच पाहिजे. त्यात अनुदानाची भानगड आहे. शाळा पूर्ण अनुदानित असेल तर पगार पूर्ण. टप्पा अनुदानावर असेल, २० टक्के, ४० टक्के, तर शिक्षक सकाळी शाळा आणि संध्याकाळी शेती नाहीतर क्लास, आणि मुंबईत आझाद मैदानावर आंदोलन. असा माणूस दुसरीकडे संधी मिळाली की जाणारच. शाळेच्या बोर्डावर ‘अनुदानित’ लिहिलंय का ‘अंशतः अनुदानित’, ते वाचा.

प्रयोगशाळेचं काय सांगू! रिपोर्ट कार्डवर ‘प्रयोगशाळा : होय’ असतं. किल्ली कुणाकडे आहे आणि शेवटची कधी उघडली, हा कॉलम नाही.

आता अंतर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण डेटा बघणारे आपल्यासारखे लोक इथंच हमखास आपटतात. मॅपवर दोन बिंदू घेतले, सरळ रेषेतलं अंतर काढलं, झालं. राजगड तालुका डोळ्यांसमोर आणा, म्हणजे जुना वेल्हे. राजगड आणि तोरणा दोन्ही तिथं, आपण शनिवार-रविवारी ट्रेकला जातो तोच. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण ५४ हजार, म्हणजे पुणे महापालिकेच्या एका प्रभागापेक्षाही कमी, आणि शहर एकही नाही. त्यात पानशेत आणि वरसगाव धरणांचा फुगवटा लांबच लांब पसरलेला. आपल्या नळाला येणारं पाणी तिथलंच. एका काठावरच्या वाडीतून दुसऱ्या काठावरची शाळा डोळ्यांना दिसते, सरळ रेषेत किलोमीटर-दोन किलोमीटर. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा. पावसाळ्यात ओढे भरले की आणखी वेगळं. तिथं ‘तीन किलोमीटरच्या आत शाळा’ या ओळीला एक्सेलमध्ये अर्थ असतो, पायांना नसतो. अशा तालुक्यात छोट्या शाळा टिकल्याच पाहिजेत, त्यांचा पट कितीही कमी असो. मी मघापासून छोट्या शाळेच्या फ्लेक्सवर बोलतोय, छोट्या शाळेवर नाही. दोन्हीत गल्लत करू नका.

मुलींसाठी एसटीचा पास पाचवी ते बारावी मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं योजना आहे. पण पास असून उपयोग गाडी असेल तर. २०२१ ला कोविडनंतर ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागातल्या शाळा उघडल्या, आणि महिनाभरात एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. ज्यांची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती ती मुलं गेली. बाकीच्यांची शाळा उघडूनही बंदच होती.

मी मामाला हिशेब दाखवला. तो गप्प झाला. मामीनं मात्र एकच प्रश्न विचारला. “बाजाराच्या गावची शाळा पाचला सुटते. सहाची गाडी चुकली तर पुढची साडेआठला. तुझ्या त्या डेटात हे आहे का रे?” नव्हतं. आणि आईच्या दृष्टीनं तोच सगळ्यात मोठा आकडा होता.

मग आम्ही काय केलं? त्याच गावातून बाजाराच्या शाळेला जाणाऱ्या नववी-दहावीच्या मुली शोधल्या. चार निघाल्या. त्या येताना एकत्र असतात, गाडी चुकली तर एकीच्या आत्याकडे थांबतात, हे कळलं. त्यांच्याशी मामी स्वतः बोलली. गणित कोण शिकवतं, वर्गात प्रश्न विचारला तर सर चिडतात का, बाथरूमला पाणी असतं का, हेही तिनंच विचारलं. हे तिन्ही प्रश्न माझ्या यादीत नव्हते. शेवटचा तर रिपोर्ट कार्डवर ‘होय’ म्हणून भरलेला होता, आणि मुली म्हणाल्या, “उन्हाळ्यात नसतं.”

अजून ठरलेलं नाही. मामा अजून तीन किलोमीटरवाल्या शाळेकडे झुकतो, मामी बारावाल्या. पोरीला विचारलं तर ती म्हणते, जिथं मैत्रिणी जातील तिथं. तिचा दाखला जूनमध्ये काढायचाय, तोवर घरात हा विषय रोज निघणार.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या गावच्या, मामाच्या, सासरच्या कुठल्याही एका हायस्कूलचा यूडायस कोड शोधा आणि आठवी, नववी, दहावी हे तीन वर्षांचे तीन आकडे तिरके लिहून मला पाठवा. सोबत, कमी झालेली मुलं कुठं गेली ते शाळेत विचारून मिळालेलं उत्तरही पाठवा. शाळेचं आणि मुलांचं नाव मी वाचून दाखवणार नाही, फक्त तालुका सांगीन. पुरेसे आकडे आले तर पुढच्या भागात ते घेऊन बसू, आणि एखाद्या मुख्याध्यापकांना बोलवता आलं तर त्यांनाच विचारू. १७ नंबरच्या फॉर्ममधून दहावी केलेलं कुणी ऐकत असेल तर त्यांनी जरूर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. दोन मिनिटांचा चालेल, गाडीच्या आवाजात असला तरी चालेल.

चला, भेटू.